ह्यूएन त्संग यांचे चरित्र आणि आपण



विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त स्मरणिका काढायचे ठरले, तेव्हा समितीने आमच्याकडे एक काम दिले. विहाराच्या पायाभरणीला ज्यांनी खड्डे खणले, ज्या मायमाउल्यांनी दिवसभर मोलमजुरी करून संध्याकाळी विटांची घमेली डोक्यावरून वाहिली, त्यांची नावे गोळा करायची. आम्ही हौसेने निघालो. इतिवृत्ताची जुनी वही एका घराच्या पोटमाळ्यावर सापडली. पण छप्पर गळून तिचा नुसता लगदा झालेला. दोष कुणा एकाचा नाही, आपल्या सगळ्यांचाच आहे. मग घरोघर फिरलो. म्हाताऱ्या माणसांना विचारले. अकरा नावे मिळाली. बाकीचे कोण होते, हे आता कुणालाच सांगता येत नाही.

त्याच दिवसांत आम्ही एक पुस्तक पुन्हा वाचायला काढले होते. आम्ही काही पंडित नव्हे. शाळा लवकर सुटली, पुढचे शिक्षण ग्रंथालयात आणि पाळी सुटल्यावर घरच्या बल्बखाली झाले. शेजारी डिक्शनरी ठेवून, अडखळत, इंग्रजी भाषांतरातून वाचलेले हे पुस्तक म्हणजे चिनी भिक्खू ह्यूएन त्संग यांचे चरित्र. कुणी त्यांना युआन च्वांग म्हणतात. शाळेच्या पुस्तकात त्यांच्यावर दोन ओळी असतात : "हर्षाच्या काळात चिनी प्रवासी आला." बस्स, एवढेच. पण हा माणूस कोण होता, आणि त्याची हकीकत चौदाशे वर्षे टिकली कशी, हे आपल्या घरातल्या पोरांना कळावे म्हणून हा लेख.

बालपण आणि काळ

ह्यूएन त्संग यांचा जन्म इ.स. ६०२ च्या सुमारास चीनमध्ये लोयांग शहराजवळ झाला. घराण्याचे नाव छेन. चार भावांत ते धाकटे. वडील विद्वान होते, पण सरकारी चाकरी सोडून घरी वाचन करीत बसलेले. दुसरा भाऊ भिक्खू झाला आणि त्याच्या मागोमाग हे पोरगे विहारात जाऊ लागले.

त्या वेळी चीनमध्ये भिक्खू होण्यासाठी सरकारची मंजुरी लागत असे. लोयांगमध्ये काही जणांना दीक्षा देण्याचा हुकूम आला. शेकडो उमेदवार जमले. ह्यूएन त्संग तेरा वर्षांचे, वयात बसत नव्हते. ते नुसतेच फाटकापाशी उभे राहिले. निवड करणाऱ्या अधिकाऱ्याने विचारले, कोण रे तू, भिक्खू होऊन काय करणार? पोराने सांगितले की, तथागतांचे काम पुढे न्यायचे आहे. अधिकाऱ्याने त्याला आत घेतले. सोबत्यांना तो म्हणाला की, पाठांतर करणारे पुष्कळ मिळतात, असा कणा असलेला माणूस मिळत नाही.

पुढे ६१८ मध्ये सुई घराण्याचे राज्य कोसळले. लुटालूट, उपासमार सुरू झाली. दोघे भाऊ जीव वाचवत आधी छांग-आनला, मग छेंगदूला गेले. तिथे ६२२ मध्ये ह्यूएन त्संग यांची उपसंपदा झाली. मोठमोठ्या आचार्यांकडे ते शिकले. पण एकाचे सांगणे दुसऱ्याशी जुळेना. भाषांतरेही एकमेकांना छेद देणारी. तेव्हा त्यांनी ठरवले की, मूळ ग्रंथ जिथे आहेत तिथेच जायचे, मूळ भाषेत शिकायचे आणि शंका फेडून घ्यायची.

मित्रहो, हे ध्यानात घ्या. त्यांना चमत्कार पाहायचा नव्हता, पुण्य गाठीला बांधायचे नव्हते. त्यांना शंका होती. शंका घेणारा माणूसच एवढा लांब चालत जातो.

वाळवंटातले पाच दिवस

सरहद्द ओलांडायला सरकारची बंदी होती. परवानगी मागितली, मिळाली नाही. तरी ६२९ च्या सुमारास (काही अभ्यासक ६२७ धरतात) ते निघाले. दिवसा लपायचे, रात्री चालायचे. त्यांना पकडण्याचे हुकूम निघाले होते.

वाटेत एका म्हाताऱ्याने आपला लाल, हाडकुळा घोडा त्यांना दिला आणि त्यांचा तरणा घोडा घेतला. त्याने सांगितले की, हा म्हातारा घोडा या वाटेने पंधरा वेळा गेला-आला आहे. पुढे वाटाड्याची नियत फिरली, त्याला परत पाठवून हे एकटेच निघाले. सरहद्दीवरच्या पहिल्या बुरुजापाशी पाणी घेताना बाण आला आणि गुडघ्याला चाटून जातो की काय असे झाले. पहारेकऱ्यांच्या नायकाने आधी समजावले, मग त्यांचा निश्चय पाहून स्वतःच मदत केली.

पुढे वाळवंटात पाण्याची पखाल हातातून निसटली. सगळे पाणी वाळूत गेले. ते मागे वळले, थोडे अंतर परत चाललेही. मग थांबले. मूळ ठिकाणी पोचल्याशिवाय पूर्वेला एक पाऊल टाकायचे नाही, अशी आपण प्रतिज्ञा केली होती, ती आठवली. परत जाऊन जगण्यापेक्षा पश्चिमेकडे जाताना मेलेले बरे, असे ठरवून त्यांनी तोंड फिरवले. चार रात्री आणि पाच दिवस घशात थेंब नाही. पाचव्या रात्री गार वारा सुटला, जरा झोप लागली. उठून निघाले तर घोडा ऐकेना, भलत्याच दिशेला ओढू लागला. त्याने नेऊन उभे केले ते हिरव्या गवतात, पाण्याच्या तळ्याकाठी. चरित्रकार इथे बोधिसत्त्वाची कृपा सांगतो. आम्ही त्या म्हाताऱ्या घोड्याला श्रेय देतो. पंधरा खेपा केलेल्या कामगाराला वाट ठाऊक असते, ती हुद्देदारांना ठाऊक असेलच असे नाही.

तुर्फानच्या राजाने त्यांना आपल्याकडेच ठेवून घ्यायचा हट्ट धरला. त्यांनी अन्न सोडले. तीन दिवस उपास घडल्यावर राजा नरमला आणि पुढच्या राज्यांसाठी चोवीस पत्रे, तीस घोडे आणि पंचवीस माणसे देऊन त्याने त्यांना वाटेला लावले. समरकंद, बामियान, गांधार, काश्मीर, मथुरा असे करीत ते मगधात आले. बामियानच्या ज्या उंच बुद्धमूर्तींचे वर्णन त्यांनी लिहून ठेवले, त्या २००१ साली सुरुंग लावून फोडल्या गेल्या. मूर्ती गेल्या, लिहिलेले राहिले.

नालंदेचा विद्यार्थी

बोधगयेला पोचल्यावर ते पालथे पडून रडले, असे चरित्रात आहे. तथागतांना बोधी मिळाली तेव्हा मी कुठल्या योनीत भटकत होतो, असे म्हणत रडले.

नालंदेत आचार्य शीलभद्र कुलगुरूच्या जागी होते, वयाने फार वृद्ध. त्यांच्यापाशी ह्यूएन त्संग यांनी योगाचारभूमिशास्त्राचा अभ्यास केला. नालंदेत त्यांची पाच वर्षे गेली. चरित्रकार सांगतो की, तिथे रोज शंभर ठिकाणी व्याख्याने चालत. शंभरावर गावांचे उत्पन्न विहाराला लावून दिलेले होते. त्या गावांतून तांदूळ, तूप, दूध रोज येई. म्हणून विद्यार्थ्यांना भाकरीची चिंता नव्हती. हे वाचताना आम्हाला आपल्या वस्तीतली रात्रशाळा आठवते. पोटात काही असल्याशिवाय डोक्यात काही शिरत नाही, हे त्या काळच्या लोकांना कळले होते.

चरित्रातला एक प्रसंग आम्ही कितीदा तरी वाचला. लोकायत मताचा एक ब्राह्मण नालंदेच्या दारावर चाळीस मुद्दे लिहून गेला, खोडून दाखवा, हरलो तर डोके देतो म्हणाला. ह्यूएन त्संग यांनी त्याला वादात हरवले. डोके घेतले नाही, सेवक म्हणून ठेवले. पुढे त्यांच्या हातात महायानाविरुद्ध लिहिलेला सातशे श्लोकांचा ग्रंथ आला. काही जागा उलगडेनात. त्यांनी त्या सेवकालाच विचारले, तू हा ऐकला आहेस का? तो म्हणाला, पाच वेळा. मग मला समजावून सांग. तो संकोचला. मी तुमचा चाकर, तुम्हाला काय शिकवू? शिकवायचेच तर रात्री शिकवतो, नाहीतर लोक म्हणतील चाकराकडून शिकले. त्याप्रमाणे रात्री त्याच्यापुढे बसून त्यांनी सगळा ग्रंथ समजून घेतला आणि नंतर त्याला मोकळे केले. विद्या कुणाच्या तोंडून येते हे पाहायचे नसते, ती खरी आहे का एवढेच पाहायचे असते. ज्या देशात कानात शिसे ओतण्याचे कायदे लिहिले गेले, त्या देशात हा प्रसंग घडला, हे विसरू नका.

महाराष्ट्राबद्दल त्यांनी काय लिहिले

६४१ च्या सुमारास ते आपल्या मुलखातही आले. त्यांच्या प्रवासवर्णनात 'मो-हो-ला-छा' म्हणजे महाराष्ट्र आहे. इथली माणसे मानी आणि लढवय्यी, उपकार करणाऱ्याला न विसरणारी, अपमान करणाऱ्याला न सोडणारी, असे ते लिहितात. राजा पुलकेशी. उत्तरेचा एवढा बलाढ्य हर्ष, त्यालाही हा राजा नमवता आला नाही. ही गोष्ट ६३४ सालच्या ऐहोळेच्या शिलालेखातही आहे. म्हणजे परदेशी भिक्खूची साक्ष आणि इथला दगड, दोन्ही एकच सांगतात. महाराष्ट्रात शंभरावर संघाराम आणि सुमारे पाच हजार भिक्खू होते, असा आकडा ते देतात.

पूर्वेच्या डोंगरातल्या एका कोरीव विहाराचे वर्णन आहे. तो अचल नावाच्या अर्हताने उभारला, दाराशी दगडी हत्ती आहेत, असे ते सांगतात. अजिंठ्याच्या २६ व्या लेण्यातल्या शिलालेखात स्थविर अचल यांचे नाव आहे, आणि १६ व्या लेण्याच्या दाराशी हत्ती आजही उभे आहेत. मात्र त्यांनी सांगितलेली सत्तर फुटी मूर्ती तिथे नाही. तो भाग बहुधा ऐकीव असावा. साहेबाने शिकारीला जाऊन १८१९ साली अजिंठा 'शोधला' असे आपण घोकतो. त्याच्या जवळजवळ बाराशे वर्षे आधी ते कागदावर आलेले होते.

गावकुसाबाहेर

आता एक कडू गोष्ट. त्याच प्रवासवर्णनात, भारताच्या सर्वसाधारण माहितीत, ते लिहितात की खाटीक, कोळी, जल्लाद, मैला उचलणारे अशांची घरे खुणेने वेगळी दाखवलेली असतात, त्यांना नगराबाहेर राहावे लागते आणि रस्त्याने जाता-येता डाव्या कडेने अंग चोरून चालावे लागते. नालंदेचे वैभव ज्या डोळ्यांनी पाहिले, त्याच डोळ्यांनी हेही पाहिले. एवढा करुणावान भिक्खू या गोष्टीवर थांबत नाही, संताप व्यक्त करीत नाही, नोंद करून पुढे जातो. याचे आम्हाला वाईट वाटते. पण नोंद केली, हे उपकारच म्हणायचे. इथल्या पंडितांनी आपल्याबद्दल लिहिले ते शिक्षा सांगण्यासाठी. या परक्याने जे दिसले ते लिहिले.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'दि अनटचेबल्स' हा ग्रंथ १९४८ साली प्रसिद्ध केला. अस्पृश्यता केव्हा सुरू झाली हा प्रश्न सोडवताना फा-हियान आणि युआन च्वांग या चिनी भिक्खूंच्या साक्षी त्यांनी तपासायला घेतल्या, आणि इ.स. ४०० च्या सुमाराला अस्पृश्यतेचा जन्म झाला असा निष्कर्ष मांडला. वाळवंट तुडवत आलेल्या माणसाचे टिपण तेराशे वर्षांनी आपल्या बापाच्या टेबलावर पुरावा म्हणून आले. लिहिलेल्या अक्षराची ताकद ती हीच.

चरित्र वाचले कसे?

६४५ साली ते छांग-आनला परतले. वीस घोड्यांवर ६५७ ग्रंथ होते. सम्राटाने मंत्रिपद देऊ केले. त्यांनी नाकारले आणि भाषांतराला बसले. एकोणीस वर्षांत ७५ ग्रंथ चिनी भाषेत आणले. ६५२ साली ग्रंथ ठेवण्यासाठी स्तूप बांधायला घेतला, तेव्हा त्यांनी स्वतः टोपलीने विटा-दगड वाहिले. तो स्तूप शिआन शहरात आजही आहे. ६६४ मध्ये त्यांचे परिनिर्वाण झाले.

त्यांनी लिहवून घेतलेले प्रवासवर्णन देशांचे आहे. त्यात स्वतःचे सुखदुःख फारसे नाही. वाळवंट, लोकायताचा प्रसंग, शीलभद्रांशी झालेली भेट, हे आपल्याला कळते ते हुइ-ली या भिक्खूमुळे. भाषांतराच्या कामात ते गुरूच्या सोबत होते. त्यांनी चरित्राचे पाच भाग लिहिले. पण काही चांगले सांगायचे राहून गेले असेल या भीतीने हस्तलिखित जमिनीखाली पुरून ठेवले. कुणाला पत्ता नाही. मरणाच्या दारात शिष्यांना सांगितले की, खणून काढा. बाहेर काढले जात असतानाच त्यांनी प्राण सोडला. दुःखाच्या भरात ती पाने इकडे-तिकडे गेली. शिष्यांनी कित्येक वर्षे शोधून, विकत घेऊन ती पुन्हा जमवली. मग यान-त्सुंग या भिक्खूने ती नीट लावली, भर घातली आणि ६८८ साली दहा भागांचा ग्रंथ पुरा केला.

या चरित्रात काही पत्रेही जपली आहेत. त्यातले एक आमच्या फार जिव्हाळ्याचे. बोधगयेच्या विहारात प्रज्ञादेव नावाचे आचार्य होते. हीनयानाचे पक्के अभिमानी. ह्यूएन त्संग यांच्याशी त्यांचे सतत वाद झाले, कनौजच्या सभेत त्यांची हारही झाली. तरी ६५२ साली त्यांनी फा-चांग या भिक्खूच्या हाती चीनला पत्र पाठवले. सोबत पांढऱ्या कापडाचे दोन तागे. वाट लांबची आहे, भेट थोडकी म्हणून राग मानू नये, अशा अर्थाचा मजकूर त्यात आहे. आम्ही गिरणीतली माणसे. सूत कसे निघते, तागा कसा उतरतो, तो खांद्यावर किती जड लागतो, हे आम्हाला ठाऊक आहे. बोधगयेहून निघालेले ते दोन तागे हिमालय आणि वाळवंट ओलांडून चीनच्या राजधानीत पोचले. वादात हरलेल्या माणसाने जिंकणाऱ्याला पाठवलेले! आपल्याकडे एका गटाचा कार्यकर्ता दुसऱ्या गटाच्या जयंतीला पाणी प्यायला जात नाही. दोन ताग्यांचा हा धडा आपण शिकू तो सुदिन.

उत्तर ६५४ मध्ये गेले. शीलभद्रांच्या निधनाचे दुःख नालंदेला कळवताना ह्यूएन त्संग यांनी लिहिले की, सिंधू नदी ओलांडताना ग्रंथांचा एक बोजा वाहून गेला, त्यांची यादी देतो, जमल्यास पुन्हा पाठवा. हरवलेल्याची यादी करून ठेवणारा हा माणूस.

या चरित्राचे महत्त्व

पुढे इथला धम्म लयाला गेला, नालंदा बडगाव खेड्याच्या मातीखाली गेली. गावकऱ्यांनाही ते काय आहे माहीत नव्हते. १८५३ साली स्तानिस्लास ज्युलियाँ यांनी या चरित्राचे फ्रेंच भाषांतर छापले, आणि १८८८ साली सॅम्युएल बील यांचे इंग्रजी भाषांतर आले. १८६१ पासून अलेक्झांडर कनिंगहॅम चिनी भिक्खूंची वर्णने हाती घेऊन गावोगाव हिंडले. बडगावचे ढिगारे म्हणजे नालंदा, हे त्यांनी निश्चित केले. १९१५ पासून उत्खनन झाले आणि नालंदा महाविहाराच्या भिक्खुसंघाचे नाव असलेल्या मुद्राच मातीतून बाहेर आल्या. २०१६ मध्ये नालंदा जागतिक वारसा ठरली. आपल्या घरचा पत्ता आपल्याला चीनने सांगितला, असे म्हटले तर चूक होणार नाही.

मात्र बांधवांनो, पुस्तक आदराने वाचावे पण डोळे मिटून वाचू नये. ही शिकवण तथागतांचीच आहे. चरित्रात नालंदेत दहा हजार भिक्खू सांगितले आहेत. थोड्याच वर्षांनी तिथे राहून शिकलेले इ-त्सिंग तीन हजारांहून अधिक असा आकडा देतात. कनौजच्या सभेत अठरा दिवस कुणी विरोध केला नाही, असे चरित्रकार अभिमानाने लिहितो. पण त्यानेच हेही लिहिले आहे की, आचार्यांना इजा करणाऱ्याचे मुंडके आणि निंदा करणाऱ्याची जीभ कापली जाईल, अशी दवंडी हर्षाने पिटवली होती. वाद करणाऱ्याला मोकळीक आहे असे दवंडीत म्हटले होते खरे. पण तलवार दिसत असताना तोंड कोण उघडणार? शिष्य गुरूला मोठे करून दाखवतो, हे माणसाचेच आहे. पण प्रामाणिक शिष्य अडचणीची गोष्टही गाळत नाही. हुइ-ली आणि यान-त्सुंग यांनी गाळली नाही, म्हणून आज आपल्याला तपासता येते.

आम्हाला सांगायचे आहे ते एवढेच. ह्यूएन त्संग थोर होतेच. पण ते आपल्यापर्यंत पोचले ते लिहिणारा हुइ-ली, पाने शोधून विकत घेणारे निनावी शिष्य आणि जुळवणारा यान-त्सुंग यांच्यामुळे. आपल्या वस्तीत थोर माणसे कमी झाली नाहीत. उपाशी पोटी मोर्चाला गेलेली, गाव सोडून रिकाम्या हाताने शहरात आलेली, पाळी करून विहाराच्या विटा वाहिलेली. त्यांचा हुइ-ली मात्र झाला नाही. बाबासाहेबांनी आपल्या हाती लेखणी दिली, आपण तिने अर्ज लिहिले, परीक्षा दिल्या, आणि घरातल्या म्हातारीची हकीकत लिहायची राहून गेली.

म्हणून या वर्धापन दिनी एक करूया. प्रत्येक घराने शंभर पानी एक वही घ्यावी. शिकलेल्या पोराने, पोरीने रविवारी आजी-आजोबांजवळ बसावे आणि विचारावे, गाव कोणते, कधी आलात, कुठे राबलात, दीक्षा कुणी कुठे घेतली, विहाराच्या कामाला कोण कोण होते. सांगतील तसे लिहावे, खाली तारीख घालावी. शुद्धलेखनाची फिकीर नको. एक प्रत विहारात द्यावी, ती आम्ही प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून लोखंडी कपाटात ठेवू. पोटमाळ्यावर नाही.

मिळालेली अकरा नावे याच स्मरणिकेत शेवटच्या पानावर दिली आहेत. त्यांच्याखाली जागा मोकळी सोडली आहे. तुमच्या घरात कुणाला बारावे नाव आठवले, तर या पानावर लिहा आणि आम्हालाही येऊन सांगा.

नमो बुद्धाय! जयभीम!